डोळे मिटले की मुकादम दिसतो: आधी मन सावरायचे की आधी लढायचे?

मांजराकाठ

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी गेली नऊ वर्षे बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावे रिकामी होतात; नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हे जोडपे उसाच्या फडातून आणि झोपडीवजा कोपीतून बाहेर पडत नाही. आजारपणामुळे एक दिवस जरी काम बुडाले तरी खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली आणि जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढली गेल्याचे समोर आले, हे अनेकांना आठवत असेल. एवढे सांगण्याचे कारण असे की, या बायकांचे दुःख मनातून उपजलेले नाही. ते टनाच्या दरातून, उचलीच्या व्याजातून आणि खाड्याच्या दंडातून आलेले आहे.

गेल्या महिन्यात बायका हंगाम संपवून परतल्यावर आमच्या संस्थेने, देणगीदारांच्या आग्रहावरून, दोन दिवसांचे सजगतेचे (माइंडफुलनेसचे) शिबिर घेतले. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या, वीज नव्हती, पंखे बंद होते. शहरातून आलेले प्रशिक्षक चांगले होते, बोलणेही मृदू होते. त्यांनी सर्वांना डोळे मिटायला लावले आणि सांगितले, "मनात जे येईल ते फक्त पाहा, त्याच्याशी भांडू नका." तीन-चार मिनिटे गेली असतील. मागच्या ओळीतली एक बाई पदराच्या टोकाला गाठ मारता मारता मोठ्याने म्हणाली, "डोळे मिटले की मुकादमच दिसतोय बाई. त्याच्याशी भांडायचं नाही, तर मग करायचं काय?"

सगळ्या हसल्या, प्रशिक्षकही हसले. मला हसू आले नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग, जो लिहायला मला अधिक जड जातो. मार्चमध्ये एका रात्री कारखान्याच्या तळावरून फोन आला आणि तो ठेवल्यावर माझी छाती इतकी धडधडू लागली की, मी उंबऱ्यावर बसून राहिले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, काही निघाले नाही. झोप घ्या, म्हणाले. त्याच आठवड्यात तहसील कार्यालयाच्या आवारात सकाळपासून माझी वाट पाहत बसलेल्या एका बाईवर मी सर्वांदेखत ओरडले. तिच्या कागदात एक झेरॉक्स कमी होती, एवढाच तिचा गुन्हा. आणि ज्या शिबिराची मी मनातल्या मनात टिंगल करत होते, त्याच शिबिरातील श्वासाचा सराव घरी केल्यावर मला कित्येक महिन्यांनी सलग सहा तास झोप लागली.

आमच्या संस्थेत यावरून दोन तट पडले आहेत. एक सहकारी म्हणतात की, माणूस आतून बदलल्याशिवाय समाज बदलत नाही. दुसरीचे म्हणणे असे की, हे पोटभरल्या लोकांचे चोचले आहेत आणि मजुरांना शांत बसायला शिकवणे हे मुकादमाचेच काम आपण फुकट करून देणे आहे. पुढील वर्षाच्या आराखड्यात या कामासाठी पैसे ठेवायचे की नाही, हे मला जूनअखेर ठरवायचे आहे. स्वतःला बरे करणे हा समाज बदलण्याचा खरोखर मार्ग असू शकतो का, आणि असल्यास कोणी, कधी, काय करायचे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

---

रातपाळी

ताई, मी शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. तुमच्या तहसीलातल्या प्रसंगावरूनच लिहावेसे वाटले.

प्रसूतीकक्षात रात्री कळा देणाऱ्या बाईवर खेकसणे ही आमच्याकडे इतकी रुळलेली गोष्ट होती की, ते खेकसणे आहे हेही कोणाला जाणवत नसे. "गप्प पड, तेव्हा नाही ओरडलीस" हे वाक्य मी नवीन असताना ऐकून शहारले होते आणि दहा वर्षांनी तेच वाक्य मी स्वतः म्हणत होते. पुढे नणंदेच्या आग्रहावरून मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. पहाटे चारची घंटा, पूर्ण मौन, संध्याकाळी जेवणाऐवजी चहा, चुरमुरे आणि एखादे फळ. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीजवळचा श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून तासभर जागचे न हलता बसायचे, त्याला अधिष्ठान म्हणतात. पाचव्या दिवशी माझ्या गुडघ्यात अशी कळ उठली की, उठून निघून जावे असे वाटले. ती कळ वाढते, फिरते, काही वेळाने उतरते, हे मी पहिल्यांदा पाहिले. तोवर मी आयुष्यभर कळेला फक्त उत्तर दिले होते.

घरी परतल्यावर मी साध्वी झाले नाही. एक मात्र झाले. कोणावर खेकसण्याच्या क्षणभर आधी माझा जबडा आवळला जातो आणि कानाची पाळी गरम होते, हे मला कळू लागले. त्या क्षणभरात दर वेळी थांबता आले असे नाही, पण दहांपैकी चार वेळा थांबता आले, आणि ज्या बाईच्या बाबतीत मी थांबले तिच्यासाठी त्या चार वेळा पुरेशा होत्या.

पण यापुढचे सांगितल्याशिवाय हे सांगणे अर्धवट राहील. रात्रीच्या पाळीला इतक्या खाटांमागे आम्ही दोघीच होतो. माझा जबडा आवळला जात होता त्याचे निम्मे कारण त्या आकड्यात होते. मी कितीही श्वास पाहिला तरी तिसरी परिचारिका काही श्वासातून प्रकट होणार नव्हती. त्यासाठी संघटनेच्या बैठकीला जाणे भाग होते आणि तिथे मी चार वर्षे फिरकले नव्हते, कारण तिथल्या एका सहकारिणीशी माझे हाडवैर होते. शिबिरानंतर मी त्या बैठकीत तिच्या शेजारी बसू शकले. आम्ही दोघींनी मिळून रात्रीच्या पाळीची नोंदवही सहा महिने नीट लिहिली, एकत्र निवेदन दिले आणि दीड वर्षाने तिसरी जागा भरली गेली. ध्यानाने जागा भरली असे मी म्हणणार नाही. पण ध्यान नसते तर मी त्या खोलीत गेलेच नसते, हेही तितकेच खरे.

तुमच्या सहकारीणबाईंना एक प्रसंग अवश्य सांगा. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन शिबिरे घेऊ लागले. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात प्रथमच कैद्यांसाठी शिबिर ठरले, तेव्हा काही कैद्यांना बेड्या आणि साखळदंडांसह आणून बसवण्यात आले. गोएंकांनी साखळदंडात बांधलेल्या माणसाला शिकवण्यास नकार दिला. अधिकारी घाबरले होते, सुरक्षेचा प्रश्न होता, बरीच भवति न भवति झाली. शेवटी साखळदंड काढले गेले आणि मग शिबिर सुरू झाले. आधी बेडी निघाली, मग डोळे मिटले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

---

नसता उपद्व्याप

रातपाळीताईंचा अनुभव प्रामाणिक आहे, त्यामुळे त्यावर माझा वाद नाही. माझा वाद 'ताण' या शब्दाशी आहे. आपण म्हणतो पाऊस येतो, ताप येतो, आणि त्याच चालीवर ताण 'येतो'. कोणी दिला, हे त्या वाक्यात मावतच नाही. एकदा ताण असा आकाशातून येऊ लागला की, त्यावर छत्री विकणारेही येतातच.

१९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी ध्यानावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला, तो मुख्यतः जुनाट वेदनांनी त्रस्त आणि औषधांनी फारसा गुण न येणाऱ्या रुग्णांसाठी होता. त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. पुढे तीच गोष्ट कचेऱ्यांमध्ये गेली आणि तीन माणसांचे काम एकाला देऊन त्या एकाला श्वास मोजायला शिकवणे, असा तिचा उपयोग होऊ लागला. मी एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत सोळा वर्षे घालवली आहेत आणि असल्या तासिकांना हजेरी सक्तीची असे. माझ्या ठीक समोर बसलेल्या मुलाने त्या तासिकेत, डोळे मिटल्याचे सोंग करून, मांडीवरच्या लॅपटॉपवर काम उरकले होते, कारण मुदत तीच होती.

तुमच्या देणगीदारांना एवढाच प्रश्न विचारा: हे शिबिर मुकादमांसाठी आणि कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांसाठी का ठेवले नाही? ज्याच्या रागाने दुसऱ्याचे हाड मोडते त्याला राग आवरायला शिकवणे अधिक निकडीचे नाही का?

---

मांजराकाठ

उपद्व्याप, हा प्रश्न मी विचारला होता. "ते येणार नाहीत" असे उत्तर मिळाले. बायका येतात, कारण बोलावले की त्यांना यावेच लागते, हे त्या उत्तरातून मला प्रथमच कळले.

---

दापोडी ते दीक्षाभूमी

ताई, जयभीम. मी शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या वस्तीतील विहारात गेली अनेक वर्षे वंदनेनंतरचा वर्ग घेतो. तुमच्या संस्थेत जे दोन तट पडले आहेत ते आमच्या विहारात चाळीस वर्षांपासून आहेत, त्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. एक बाजू म्हणते की बाबासाहेबांनी आम्हाला संघर्ष दिला, डोळे मिटून बसायला सांगितले नाही. दुसरी म्हणते की पंचशील घेतले पण मनावर काम केले नाही तर धम्म फक्त जयंतीपुरता उरतो. मी वयाच्या पस्तिशीपर्यंत पहिल्या बाजूला होतो आणि आज नक्की कुठे आहे, ते खाली लिहितो आहे त्यावरून तुम्हीच ठरवा.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी त्यात स्वीकारलेली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे कसे पटावे, असा त्यांचा सरळ सवाल आहे. त्यांच्या मांडणीत गृहत्यागाचे कारण आहे पाणी. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण होते, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ एकटा विरोध करतो, आणि त्याच्यापुढे येणाऱ्या शिक्षांमध्ये कुटुंबावरील सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त होणे हेही असते. घरच्यांवर ते येऊ नये म्हणून तो परिव्रज्या, म्हणजे संन्यास, स्वीकारतो. पुढे युद्ध टळल्याची बातमी येते. परत जायला हरकत नसते. तेव्हा तो विचार करतो की, राष्ट्रांमधली भांडणे अधूनमधून होतात, वर्गांमधला संघर्ष मात्र सतत चालू असतो, आणि जगातील दुःखाचे मूळ तिथे आहे. दुष्काळी भागात काम करणाऱ्या तुमच्यासारखीला पाणी, बहिष्कार आणि जप्ती हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, आमच्या परंपरेत ज्याला ध्यानाला बसायचे आहे, तो असे प्रश्न घेऊनच बसतो. तुमच्या त्या बाईने मुकादमाला घेऊन बसणे हा ध्यानभंग नव्हे.

आता दुसरी बाजू. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्या आमच्या माणसांवर हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. उलटून मारण्याची ताकद आणि तयारी दोन्ही होती आणि त्यांनी परवानगी मागितली. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितले आणि ते राहिले. हा संयम भीतीतून आलेला नव्हता, हे त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले त्यावरून दिसते. स्वतःच्या मुठीवर असा ताबा असणे ही मनाचीच मशागत आहे, तिला तुम्ही सजगता म्हणा किंवा आणखी काही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही हीच वीण दिसते: देवदेवता आणि श्राद्धपक्ष नाकारणाऱ्या प्रतिज्ञांच्या जोडीला दारू न पिण्याची, खोटे न बोलण्याची, प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. नाकारणे आणि स्वतःला घडवणे यांची वाटणी त्यांनी केली नाही.

मी स्वतः ध्यानाला बसू लागलो तो १९७९ मध्ये स्थापन झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण या बौद्ध संघटनेच्या पुण्यातील वर्गांमुळे. दापोडीच्या वस्तीत तेव्हा एका बाजूला ध्यानाचे वर्ग आणि दुसऱ्या बाजूला बालवाडी आणि आरोग्याचे काम असे दोन्ही चालत असे. तिथे शिकवलेली मेत्ता भावना, म्हणजे मैत्रीचे ध्यान, तुम्हाला उपयोगी पडेल, म्हणून तिचा क्रम सांगतो. आधी स्वतःविषयी मैत्री, मग मित्राविषयी, मग ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही अशा माणसाविषयी, आणि चौथ्या पायरीवर शत्रूविषयी. तुमच्या प्रशिक्षकांनी त्या बाईला पहिल्याच मिनिटाला चौथ्या पायरीवर उभे केले, नकळत का होईना. ज्या बाईला "मी बरी असावे" असे स्वतःबद्दल म्हणायची सवय नाही, जी जेवायलाही सर्वांत शेवटी बसते, तिने मुकादमाशी मनातही भांडू नये हे सांगणे अन्याय आहे. आणि चौथ्या पायरीवर पोहोचल्यावरसुद्धा मुकादमाविषयी मैत्री याचा अर्थ उचलीचा हिशेब माफ, असा होत नाही. मी माझ्या वर्गात गमतीने म्हणतो, मेत्ता उधारीवर चालते, मजुरी नाही.

किरण बेदींच्या काळातल्या तिहार तुरुंगाचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून तेही स्पष्ट करतो. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिथे हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी विपश्यनेला बसले हे खरे. पण त्याच काळात तिथे कैद्यांच्या तक्रारी गोळा करणारी फिरती पेटी सुरू झाली होती, शिक्षणाचे वर्ग सुरू झाले होते. पेटी वगळून फक्त ध्यानाची गोष्ट सांगणारा माणूस भेटला की, मी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहतो.

---

बाकावरचा

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम केले आहे. दोन व्यावहारिक सूचना, कारण तत्त्वाचे वरील मंडळींनी उत्तम लिहिले आहे.

पहिली सूचना सावधगिरीची. ज्या स्त्रीने मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जबरदस्तीची शस्त्रक्रिया सोसली आहे, तिला अनोळखी माणसांत डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला लावणे हे प्रत्येक वेळी आरामाचे नसते. कधीकधी जे दडपून ठेवल्यामुळे ती उभी राहू शकली, तेच एकदम वर येते. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत, पाठ भिंतीला टेकू द्यावी, पावलांना जमीन कशी लागते तिकडे लक्ष द्यावे, हवे तेव्हा उठून जाण्याची मोकळीक आधीच सांगावी, आणि शेजारी ओळखीची बाई असावी. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजारांविषयी विचारले जाते, ते काही उगाच नाही. एखादीला रात्री दचकून जाग येत असेल, जेवण तुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तिला सरावाच्या भरवशावर न ठेवता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा.

दुसरी गोष्ट पैशांची. व्यसनमुक्तीत आम्ही फार लवकर एक शिकलो. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभे राहिले, पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, आणि या सगळ्या कामाचा पाया असा की, माणूस एकटा बरा होत नाही, गटात बरा होतो. 'फक्त आजचा दिवस' हे वाक्य एकट्याने घरी म्हणणे आणि वीस जणांनी वर्तुळात म्हणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या सभांमध्ये म्हटली जाणारी प्रार्थना तुम्हाला ठाऊक असेल: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याची बुद्धी. माझ्या मते संपूर्ण भांडण त्या तिसऱ्या मागणीत आहे. मेलेले माणूस परत येत नाही, हे स्वीकारायचे. खाड्याचा दंड हा कोणीतरी ठरवलेला आकडा आहे, तो स्वीकारायच्या यादीत घालायचा नाही. प्रशिक्षक जर ही यादी बायकांबरोबर बसून करत नसेल, तर त्याने शांती वाटू नये.

म्हणून पैसे बाहेरच्या प्रशिक्षकांवर कमी आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या विश्रांतीवर अधिक खर्च करा. रात्रीचा फोन आळीपाळीने घेण्याची व्यवस्था लावा. नऊ वर्षे एकच माणूस रात्रीचा फोन घेत असेल, तर त्याला त्याग म्हणू नका. ती संस्थेची चूक आहे. आठवड्यातून एक दिवस खरोखर सुट्टीचा ठेवा.

---

नसता उपद्व्याप

बाकावरचे यांच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो आणि त्यासाठी माझ्याच वरच्या शेऱ्याविरुद्ध साक्ष काढतो.

सजगतेचे जे दुकान जगभर मांडले गेले आहे, त्याच्या मुळाशी असलेल्यांपैकी एक नाव थिक न्हात हान या व्हिएतनामी भिक्खूंचे आहे. युद्धाच्या काळात, १९६० च्या दशकात, त्यांनी तरुणांची समाजसेवेची शाळा उभी केली. ही मुले बाँबने उद्ध्वस्त झालेली खेडी पुन्हा बांधायला जात. एखादे गाव बांधून होई, पुन्हा बाँब पडत, पुन्हा बांधायला घेत. १९६६ मध्ये त्यांच्या पंथात दीक्षा घेतलेले पहिले सहा जण याच शाळेतील कार्यकर्ते होते आणि आठवड्याचा एक दिवस ते सजगतेसाठी राखून ठेवत. सजगतेवरचे त्यांचे जे पुस्तक पुढे जगभर गेले, ते मुळात त्यांनी परदेशातून या शाळेतल्या एका सहकाऱ्याला लिहिलेले लांबलचक पत्र होते.

म्हणजे भांडी घासताना भांडी घासा, हा उपदेश पहिल्यांदा ज्यांना केला गेला त्यांच्या हाताला ढिगाऱ्याची माती लागलेली होती. आमच्या कंपनीत तो उपदेश पोहोचला तेव्हा मधली खेडी गळून गेली होती. ताई, तुम्ही त्या पत्राच्या मूळ पत्त्यावरच राहता, तेव्हा तुम्ही संकोच करू नका. उंबऱ्यावर बसून छाती धडधडणारी बाई चोचले करत नसते.

---

मांजराकाठ

गणपती उठले तरी मी उत्तर दिले नाही, म्हणून लाज वाटते. आता लिहिते.

आम्ही शिबिराचे पैसे आराखड्यातून काढले नाहीत, पण त्यांची मांडणी बदलली. रात्रीचा फोन आता चौघींमध्ये फिरतो. पहिल्या महिन्यात माझी पाळी नसतानाही मी जागीच होते. सहकारी हसून म्हणाल्या की, तुमचा फोन काढून घेतला तरी तुम्ही रिंगटोन मनात वाजवाल. आता झोपते. दापोडीकर सर, तुमची पहिली पायरी, स्वतःविषयीची, मला सर्वांत कठीण गेली, आणि ते मी बायकांना सांगितले तेव्हा त्यांना मी प्रथमच त्यांच्यातली वाटले असावे.

तहसील कार्यालयातील त्या बाईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात ते मी विसरले होते, झेरॉक्सचं मात्र बघा." ती झेरॉक्स अजून हवीच होती.

बाकावरचे यांची यादी आम्ही श्रावणात केली. पंधरा बायका, भिंतीला पाठ, डोळे उघडे. एका बाजूला स्वीकारायचे, दुसऱ्या बाजूला बदलायचे. दुष्काळ पहिल्या बाजूला गेला. मग एकीने विचारले की टँकर कोणाच्या वाडीला आधी जातो ते कोण ठरवते, आणि दुष्काळाचे दोन तुकडे होऊन एक तुकडा पलीकडे गेला. खाडा कोणत्या बाजूला, यावर अर्धा तास वाद झाला. वयस्कर बायकांना तो पावसासारखाच वाटत होता.

नव्या हंगामाची उचल वाटण्याआधी मागच्या हिशेबाची बैठक होते. या वेळी त्यातल्या सहा जणींनी कामाच्या दिवसांची वही ठेवली होती, मुलांच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर, काहींनी फक्त रेघा मारून. बैठकीला जाण्याआधी दहा मिनिटे आम्ही पारावर बसलो, पावले जमिनीला लावून. एवढेच ठरले होते की, मुकादमाचा आवाज चढला तर लगेच कोणी उत्तर द्यायचे नाही. तीन श्वास जाऊ द्यायचे आणि मग जिच्या हातात वही आहे तिने फक्त दिवस वाचून दाखवायचे. आवाज चढलाच. ज्या बाईला डोळे मिटल्यावर मुकादम दिसत होता तिच्याकडेच पहिली वही होती. ती थांबली. मी तिच्या मागे होते, तिच्या हातातल्या वहीचा कोपरा थरथरताना मला दिसत होता. मग तिने वाचायला सुरुवात केली: पौष, सोमवार, ताप, एक दिवस, मंगळवार, गाडी रात्री दोनला भरली, बुधवारी पुन्हा फडात.

सहापैकी चौघींचे खाडे कमी झाले, दोघींचे झाले नाहीत. त्या दोघींच्या वह्या अर्ध्यावरच तुटल्या होत्या, एकीची पावसात भिजली होती. मुकादम जाताना मला म्हणाला की कारखान्याकडून त्याचेही दीड वर्षाचे कमिशन अडकले आहे. तो स्वतः बारा वर्षे कोयता चालवून मुकादम झालेला माणूस आहे. हे खरे की खोटे, ते मी तपासते आहे. खरे असेल, तर पुढची वही त्यालाही ठेवायला सांगावी का, यावर आमच्याकडे पुन्हा दोन तट पडले आहेत.

पुढच्या महिन्यात गाड्या निघतील. रातपाळीताई, रात्रीच्या पाळीची नोंदवही तुम्ही कशी आखली होती, रकाने कोणते होते, हे सवडीने कळवाल का? या वेळी वह्या आम्ही छापूनच देणार आहोत, पुठ्ठ्याच्या आणि वर प्लास्टिकचे आवरण घालून.